उत्तर संगणकाचे, जबाबदारी आपली

शाळेत आपले विद्यार्थी जी समीकरणे सोडवतात, त्यांचे उत्तर एखादी संख्या असते. क्ष बरोबर ५, किंवा क्ष बरोबर वजा २. बारावीत आणि त्यापुढे पदवीच्या वर्गात एक निराळे समीकरण समोर येते. त्याचे उत्तर एक संख्या नसते, तर एक अख्खा आलेख असतो. या समीकरणाला अवकल समीकरण म्हणतात. वर्गात बोलताना आपण त्याला ‘डिफरन्शियल इक्वेशन’ म्हणतो.

हा विषय अनेकांना आठवतो तो युक्त्यांची यादी म्हणून. समीकरण या प्रकारचे असेल तर ही युक्ती, त्या प्रकारचे असेल तर ती. प्रकार ओळखा, युक्ती लावा, संकलन करा आणि शेवटी स्थिरांक लिहायला विसरू नका! आता हे सारे काम संगणकाचे सॉफ्टवेअर क्षणात करून देते. मग शिकवायचे काय आणि शिकायचे काय? शिक्षकांनी याचा विचार करायलाच हवा, असे आम्हांला वाटते. विचार नीट करता यावा म्हणून हे सॉफ्टवेअर आतून काय करते ते आधी समजून घेऊ.

समीकरण काय सांगते?

अगदी घरगुती उदाहरण घेऊ. चहाचे तापमान ९० अंश सेल्सियस आहे आणि खोलीचे ३० अंश. चहा गार होणार हे सर्वांनाच माहीत आहे, पण कसा? सुरुवातीला भराभर, मग हळूहळू. न्यूटनने १७०१ साली, स्वतःचे नाव न घालता, प्रसिद्ध केलेला नियम असा आहे: वस्तू आणि भोवताल यांच्या तापमानांत जितका फरक जास्त, तितका गार होण्याचा वेग जास्त. आपल्या चहासाठी हा वेग दर मिनिटाला ‘फरकाचा दहावा भाग’ आहे असे मानू. मग समीकरण असे होते:

तापमान बदलण्याचा वेग = − ०.१ × (तापमान − ३०)

हेच अवकल समीकरण. अमुक मिनिटांनी तापमान किती असेल हे ते थेट सांगत नाही. आत्ता तापमान इतके असेल तर ते आत्ता कोणत्या वेगाने बदलते आहे, एवढेच सांगते. गावाचा पत्ता न देता प्रत्येक चौकात ‘इकडे वळा’ असे सांगणाऱ्या वाटाड्यासारखे ते आहे. वाट आपल्यालाच चालायची असते.

पावलापावलाने

अशी वाट चालण्याची सर्वांत सोपी रीत ऑयलर या गणितज्ञाने १७६८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात दिली. ठरावीक वेळाचे एक पाऊल घ्यायचे. पावलाच्या सुरुवातीला जो वेग असेल तोच पाऊल संपेपर्यंत टिकला असे मानायचे. मग नव्या जागी पुन्हा वेग काढायचा आणि पुढचे पाऊल टाकायचे.

आपले पाऊल १ मिनिटाचे घेऊ. सुरुवातीला फरक ६० अंश, म्हणून वेग मिनिटाला ६ अंश. १ मिनिटाने तापमान ८४. आता फरक ५४, वेग ५.४. दुसऱ्या मिनिटाअखेर तापमान ७८.६. असेच पुढे जायचे. सहावीचा विद्यार्थीही हे करू शकेल, कारण इथे फक्त वजाबाकी आणि गुणाकार आहे.

या समीकरणाचे नेमके उत्तर सूत्रानेही काढता येते. त्यानुसार १० मिनिटांनी चहाचे तापमान ५२.०७ अंश असते. ऑयलरच्या रीतीने वेगवेगळी पावले घेतली, तर १० मिनिटांनंतरचे उत्तर असे येते:

पाऊल ५ मिनिटे – ४५.०० अंश
पाऊल २ मिनिटे – ४९.६६ अंश
पाऊल १ मिनिट – ५०.९२ अंश
पाऊल ०.१ मिनिट – ५१.९६ अंश

पाऊल जितके लहान, तितके उत्तर खऱ्याच्या जवळ. २ मिनिटांच्या पावलात चूक २.४१ अंशांची आहे, तर १ मिनिटाच्या पावलात १.१५ अंशांची. पाऊल निम्मे केले की चूकही जवळजवळ निम्मी होते. मात्र पावले दुप्पट होतात, म्हणजेच मेहनत दुप्पट होते. ०.१ मिनिटाचे पाऊल घेतले, तर तोच हिशेब शंभर वेळा करावा लागतो.

संगणक नव्हते तेव्हा असे हिशेब माणसे हातानेच करत. हॅलेचा धूमकेतू पुन्हा कधी दिसेल हे ठरवण्यासाठी १७५७–५८ मध्ये फ्रान्समध्ये क्लेरो, लालांद आणि निकोल-रेन लपोत या तिघांनी कित्येक महिने आकडेमोड केली. गुरू आणि शनी यांच्या ओढीमुळे धूमकेतूची वाट किती बदलते, हे त्यांनी पावलापावलाने काढले. त्यांच्या मते धूमकेतू १७५९ च्या एप्रिलच्या मध्याला सूर्याच्या सर्वांत जवळ येणार होता. तो आला १३ मार्चला. सुमारे ७६ वर्षांच्या प्रवासात चूक झाली ती जेमतेम महिन्याभराची!

पुढे १८९५ साली रुंगे आणि १९०१ साली कुट्टा या जर्मन गणितज्ञांनी अधिक चतुर पाऊल शोधले. त्यांच्या रीतीत प्रत्येक पावलात वेग एकदा न काढता चार वेळा काढतात: एकदा सुरुवातीला, दोनदा मध्यावर आणि एकदा शेवटी. मग त्यांची योग्य सरासरी घेतात. आपल्या चहाला या रीतीने ५ मिनिटांची फक्त दोन पावले दिली, तरी उत्तर ५२.०९ येते. खऱ्या उत्तरापासून फरक केवळ २ शतांश अंशांचा. आजची सॉफ्टवेअरे बहुधा याच कुळातल्या रीती वापरतात. शिवाय पाऊल किती लांब घ्यायचे हेही ती वाटेत स्वतःच ठरवत जातात.

गोठून उकळणारा चहा

आता जरा खोडी काढू. ऑयलरच्याच रीतीत पाऊल २५ मिनिटांचे घेऊ. सुरुवातीचा वेग मिनिटाला ६ अंश. २५ मिनिटांत तापमान १५० अंशांनी उतरले, म्हणजे वजा ६० झाले. चहा गोठला! आता तो खोलीपेक्षा ९० अंशांनी गार आहे, म्हणून मिनिटाला ९ अंशांनी तापणार. ५० मिनिटांनी तापमान १६५. पुढचे आकडे असे येतात: ७५ मिनिटांनी वजा १७२.५, १०० मिनिटांनी ३३३.७५ आणि १२५ मिनिटांनी वजा ४२५.६ अंश. निसर्गात वजा २७३.१५ अंशांच्या खाली तापमान जाऊच शकत नाही, आणि आपला चहा तर केव्हाच त्याच्या खाली गेला आहे!

संगणकाला हा हिशेब दिला तर तो हेच आकडे कुरकुर न करता, आठ दशांश स्थळांपर्यंत छापून देईल आणि सुबक रंगीत आलेखही काढील. आकडेमोड तर बिनचूकच आहे. रुंगे-कुट्टांची चतुर रीतही यातून सुटत नाही. तिला ३० मिनिटांचे पाऊल दिले, तर पहिल्याच पावलात चहाचे तापमान ११२.५ अंश येते. म्हणजे टेबलावर ठेवलेला चहा आपोआप तापतो!

इथे चूक कोणाची? समीकरण बरोबर, गुणाकार बरोबर, यंत्र बरोबर. चुकले ते पाऊल. चहा मुख्यतः ज्या वेळात गार होतो, त्यापेक्षा आपले पाऊल लांब पडले. हे संगणकाला कळत नाही, कारण चहा म्हणजे काय हेच त्याला माहीत नाही. ते आपल्याला माहीत आहे.

चित्र पाहायला शिकणे

गणितज्ञ जियान-कार्लो रोटा यांनी एमआयटीत हा विषय अनेक वर्षे शिकवला आणि त्यावर एक पाठ्यपुस्तकही लिहिले होते. १९९७ साली अमेरिकेतल्या गणित शिक्षकांपुढे भाषण करताना त्यांनी या अभ्यासक्रमावर कडक टीका केली. पुस्तकांतल्या कित्येक युक्त्या ज्या समीकरणांसाठी आहेत, ती समीकरणे पुस्तकाबाहेर क्वचितच भेटतात, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता.

त्याच दशकात अमेरिकेतल्या काही विद्यापीठांत हा विषय संगणकाच्या मदतीने शिकवण्याचे प्रयोग चालू होते. कॉर्नेल विद्यापीठात हबर्ड आणि वेस्ट यांनी मॅकिंटॉश संगणकासाठी ‘मॅकमॅथ’ नावाचा कार्यक्रम केला. राइस विद्यापीठात पोल्किंग यांनी ‘मॅटलॅब’वर चालणारे ‘डीफील्ड’ आणि ‘पीप्लेन’ हे कार्यक्रम लिहिले. बोस्टन विद्यापीठात ब्लँचर्ड, डेव्हनी आणि हॉल यांनी सगळा अभ्यासक्रमच नव्याने आखला. या साऱ्यांचा भर एका गोष्टीवर होता: सूत्र शोधण्याआधी समीकरणाचे चित्र पाहा.

हे चित्र कसे असते? आडव्या अक्षावर वेळ आणि उभ्या अक्षावर तापमान घ्या. कागदावरच्या प्रत्येक बिंदूशी समीकरण एक वेग सांगते. त्या वेगाच्या उताराची एक छोटी रेघ तिथे काढा. अशा शेकडो रेघा काढल्या, की वाऱ्याने लवलेल्या गवतासारखे चित्र तयार होते. ३० अंशांच्या वरच्या सगळ्या रेघा खाली झुकलेल्या, खालच्या सगळ्या वर चढणाऱ्या आणि बरोबर ३० वर आडव्या. एकही समीकरण न सोडवता विद्यार्थ्याला दिसते, की चहा असो की माठातले गार पाणी, दोन्ही शेवटी ३० अंशांकडेच येणार. ज्याने हे चित्र पाहिले आहे, तो गोठून उकळणाऱ्या चहाला क्षणभरही फसणार नाही.

हाताने अशा शेकडो रेघा काढायला तास लागतो आणि हात दुखतो. संगणक ते डोळ्याचे पाते लवते न लवते तोच करतो. सॉफ्टवेअरचा खरा उपयोग इथे आहे. विद्यार्थ्याने विचार करण्याऐवजी ते वापरायचे नाही, तर त्याला विचार करायला सवड मिळावी म्हणून वापरायचे.

लंबकाची गोष्ट

दुसरा उपयोग असा, की आजवर आपण ज्या प्रश्नांना बगल देत आलो ते आता वर्गात आणता येतात. साध्या लंबकाचा दोलनकाल आपण शिकवतो. १ मीटर लांबीच्या लंबकासाठी तो २.०१ सेकंद येतो. सोबत एक वाक्य हळूच म्हणतो: ‘कोन लहान असेल तर.’ कोन लहान नसेल तर काय, असे एखाद्या मुलीने विचारलेच, तर आपण ‘ते पुढे शिकाल’ असे सांगून मोकळे होतो.

लंबकाच्या खऱ्या समीकरणात कोनाची ज्या, म्हणजे ‘साइन’ येते. त्याचे उत्तर आपल्या ओळखीच्या फलांत मांडता येत नाही. म्हणून ‘साइन’च्या जागी कोनच लिहून आपण समीकरण सोपे करून घेतो. संगणकाला ही सवलत लागत नाही. तोच लंबक ३० अंशांवरून सोडला तर दोलनकाल २.०४ सेकंद येतो, ६० अंशांवरून २.१५ आणि ९० अंशांवरून २.३७ सेकंद. दोरीऐवजी हलकी ताठ काठी वापरून तो १७० अंशांवरून सोडला, तर तब्बल ४.८९ सेकंद! जवळजवळ उलटा उभा असलेला लंबक खाली यायला किती रेंगाळतो, हे आलेखात स्पष्ट दिसते. ‘कोन लहान असेल तर’ या चार शब्दांचा अर्थ असा डोळ्यांसमोर उभा राहतो.

बुडालेला तळ

एवढी काळजी कशाला, असे कोणी विचारील. चहा गोठला तर आपण हसतो. पण प्रत्येक चूक इतकी ढोबळ नसते.

उत्तर समुद्रातल्या ‘स्लाइप्नर’ या वायुक्षेत्रासाठी नॉर्वेत काँक्रीटचा एक प्रचंड तळ बांधला होता. त्यावर पुढे यंत्रसामग्रीचा मजला बसायचा होता. २३ ऑगस्ट १९९१ रोजी स्टाव्हांगर शहराजवळच्या खाडीत तो तळ चाचणीसाठी हळूहळू पाण्यात उतरवला जात होता. सुमारे ६५ मीटर खोलीवर त्याची एक भिंत फुटली. पंपांना आवरेना इतके पाणी आत शिरले आणि तळ खाडीच्या बुडाशी आपटून चक्काचूर झाला. भूकंपमापकांवर ३ रिश्टरच्या धक्क्याची नोंद झाली. जीवितहानी झाली नाही, पण नुकसान सुमारे ७० कोटी डॉलरचे झाले.

चौकशीत काय निघाले? भिंतींवरचे ताण काढण्यासाठी संगणकावर अवकल समीकरणे सोडवली होती. त्यासाठी भिंतींचे लहान लहान तुकडे कल्पून प्रत्येक तुकड्यातला ताण साध्या रीतीने बदलतो असे मानले जाते. ऑयलर वेळाचे पाऊल घेतो, तसे हे जागेचे पाऊल. एका नाजूक सांध्यापाशी हे तुकडे फार मोठे आणि वेडेवाकडे पडले होते. त्यामुळे भिंतीला कातरू पाहणारा ताण ४७ टक्क्यांनी कमी दिसला. मग काही भिंती पातळ राहिल्या आणि त्यांतल्या लोखंडी सळ्याही अपुऱ्या पडल्या. अपघातानंतर लहान तुकडे घेऊन तोच हिशेब पुन्हा केला, तेव्हा भिंत ६२ मीटरवर फुटेल असे उत्तर आले. म्हणजे गणितात खोट नव्हती, यंत्रातही नव्हती. पाऊल लांब पडले होते आणि ते कोणी तपासले नव्हते. पुढे नवा तळ बांधताना अभियंत्यांनी संगणकाच्या नव्या उत्तरांची वाट न पाहता हातहिशेबाच्या जुन्या रीतींनी आराखडे केले.

वर्गात काय करता येईल?

यासाठी महागडी सामग्री लागत नाही. शाळेतल्या संगणकावर आकडे मांडायची कोणतीही स्प्रेडशीट पुरते. पहिल्या स्तंभात वेळ, दुसऱ्यात तापमान. प्रत्येक ओळीत ‘आधीचे तापमान, वजा ०.१ गुणिले (आधीचे तापमान वजा ३०) गुणिले पाऊल’ एवढेच सूत्र भरायचे. पाऊल एका वेगळ्या चौकटीत ठेवले, की ते बदलून मुलांना मजा पाहता येते. संगणक नसेल तर वर्गाचे गट करावेत आणि प्रत्येक गटाला निराळे पाऊल देऊन कागदावर हिशेब करायला लावावा. महाविद्यालयांसाठी फ्रान्समध्ये तयार झालेले ‘सायलॅब’ हे सॉफ्टवेअर फुकट मिळते. आयआयटी मुंबईच्या ‘फॉसी’ प्रकल्पाने त्याचा प्रसार केला आहे. तिथल्याच ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात मराठीतूनही धडे तयार झाले आहेत.

विद्यार्थी संगणकासमोर बसला, की त्याला चार गोष्टींची सवय लावावी.

पहिली: कळ दाबण्याआधी उत्तराचा अंदाज वहीत लिहायचा. आलेख चढेल की उतरेल? शेवटी कुठे स्थिरावेल? अंदाज चुकला तरी हरकत नाही, पण तो लिहिलेला हवा.

दुसरी: उत्तर आल्यावर पाऊल निम्मे करून हिशेब पुन्हा करायचा. दोन्ही उत्तरे जवळपास सारखी आली तर विश्वास थोडा वाढवायचा. फार वेगळी आली तर दोन्हींवर अविश्वास दाखवायचा.

तिसरी: ज्याचे उत्तर आधीच ठाऊक आहे असे एखादे सोपे उदाहरण त्याच सॉफ्टवेअरला देऊन पाहायचे. सूत्राने सुटणाऱ्या समीकरणांचे महत्त्व इथे कळते. म्हणून जुन्या युक्त्या सगळ्याच टाकून देऊ नयेत. त्या आता परीक्षेतल्या गुणांपेक्षा यंत्राची परीक्षा घ्यायला उपयोगी पडतील.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची: समीकरणच बरोबर आहे ना, हे प्रत्यक्ष पाहायचे. गरम पाणी आणि तापमापक घेऊन दर २ मिनिटांनी नोंदी कराव्यात आणि त्यांचा आलेख संगणकाच्या आलेखाशेजारी ठेवावा. उघड्या पेल्यातले पाणी सुरुवातीला न्यूटनच्या नियमापेक्षा अधिक भराभर गार होताना आढळेल, कारण वाफही आपल्यासोबत उष्णता नेते. पेल्यावर झाकण ठेवा, आलेख जवळ येतील. आपण वाफ समीकरणात घेतली नव्हती, ही गोष्ट जगातले कोणतेही सॉफ्टवेअर आपण होऊन सांगणार नाही. पेल्यावर हात धरला, तर हाताला लागेल.

समीकरण सोडवण्याचे कष्ट यंत्राने उचलले, हे चांगलेच झाले. त्यातून जो वेळ वाचला तो समीकरण मांडण्यात, त्याचे चित्र वाचण्यात आणि आलेले उत्तर पारखण्यात घालवू या. परीक्षेत ‘समीकरण सोडवा’ या प्रश्नाखाली आणखी एक ओळ घालायला काय हरकत आहे? ‘हे उत्तर बरोबर आहे असे तुम्हांला कशावरून वाटते?’